शेवंताबाईंच्या भिंतीतली सोंड

शेवंताबाईंशी बोलताना माणूस आधी आपल्या शर्टाकडे बघून घ्यायचा. कारण बोलता बोलता त्यांचा हात पुढे यायचा आणि आपल्या खांद्यावरचा एखादा धागा, तूस नाहीतर केस चिमटीत धरून काढून टाकायचा. समोर कोण आहे याचं त्यांना सोयरसुतक नसे. एकदा मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याच्या परीटघडीच्या कुडत्यावरून त्यांनी चार वेळा काहीतरी वेचलं. तो बिचारा बोलायचं विसरून स्वतःकडेच पाहत राहिला. "लय कचरा घेऊन फिरता भाऊ," म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. मत दिलं की नाही ते मला ठाऊक नाही.

हा हात जिनिंगमध्ये घडला होता. अकोल्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीत बाईंनी तीस-बत्तीस हंगाम काढले. मशीनवर जाणाऱ्या कापसातली काडी, पाचोळा आणि किडका कापूस निवडायचं त्यांचं काम. नवरा लवकर गेला, पोरगा लहान. त्या कामावर बाईंनी पोरगा शिकवला आणि घर बांधलं. तेही एका दमात नव्हे, तर दर काही हंगामांनी एक खोली, अशा पाच खोल्या. त्यामुळे त्या घराची एक भिंत दुसरीशी सरळ रेषेत नव्हती. मशीनच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली, म्हणून त्यांना कुजबुजता येत नसे. त्यांची सगळी गुपितं आमच्या गल्लीला पाठ होती.

माझं दुकान त्यांच्या घरासमोर. पाईप, नळ, तोट्या, असलं सामान. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खोदून ठेवलेला, आणि काळ्या मातीचा फुफाटा पावसाळा सोडला तर आठ महिने उडत असे. आम्ही झटकून मोकळे व्हायचो. बाईंना ते जमेना, कारण त्यांच्या छातीत आधीच जिनिंगचा कापूस बसला होता. जिना चढल्या की छाती भात्यासारखी वाजायची. अमरावतीच्या छातीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, धुळीच्या घरात राहू नका. एक प्लास्टिकची नळीही दिली. तीत जोरानं फुंकायचं, मग काटा पुढे सरकतो. डॉक्टरांनी तिच्यावर पेनानं एक रेघ मारून दिली. काटा रेघेच्या वर राहिला पाहिजे. बाई त्या नळीला फुंकणी म्हणायच्या.

मुलगा विजय पुण्याला नोकरीत, सातव्या मजल्यावर राहणारा. त्यानं फोनवरून फर्मान सोडलं. बाई फोन दूर धरून बोलायच्या, त्यामुळे दोन्हीकडचं मला दुकानात बसून ऐकू यायचं.

"आई, उन्हाळाभर बघू. मे महिन्यात मी येईन. काटा रेघेच्या वर असेल तर तू राहा तिथं. खाली असेल तर बॅग भरायची आणि गाडीत बसायचं. मग काही बोलायचं नाही."

"मंजूर," बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि सरळ माझ्या दुकानात आल्या. माझ्या बाहीवरून काहीतरी वेचलं.

"भाऊ, त्या घरात दोघी राहून राहिलो. एक मी, एक धूळ. आता एकीले निंघा लागन. अन मी तं निंघत नाई."

मी हसलो. माणसानं केव्हा हसू नये हे मला अजून कळत नाही.

झाडू त्यांना बंद झाला होता. विजयनं पुण्याहून धूळ ओढायचं एक चाकांचं मशीन पाठवलं. बाईंनी ते सुरू केलं, मागच्या जाळीशी कापसाचा एक पुंजका धरला आणि तो थरथरताना पाहिला. मशीन एका अंगानं ओढत होतं आणि बारीक धूळ दुसऱ्या अंगानं घरातच सोडत होतं. "हे तं उष्टं करून परत वाढते," म्हणाल्या आणि ते खोक्यात भरून ठेवलं. मग म्हणाल्या, मशीन घराबाहेर पाहिजे आणि घरात फक्त त्याची सोंड. जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीतून मशीनपर्यंत कापूस ओढून नेणारा मोठा पाईप असतो. त्याच्याखाली हात नेला तर हातातली बांगडीसुद्धा वर उठते. "गाडीभर कापूस ओढते थो पाईप. माह्या घरातला चिमूटभर कचरा नाई ओढनार काहून?"

मोठ्या शहरांतल्या बंगल्यांमध्ये असं काही बसवतात, भिंतीतून नळ्या जातात, हे मी कुठंतरी वाचलं होतं. मी तसं सांगितलं. बाईंना त्याचं जरासुद्धा कौतुक वाटलं नाही. "त्यायले आता सुचलं असन," एवढंच म्हणाल्या.

जिनिंगमधले निवृत्त फिटर करीमभाई हे त्यांचे जुने सोबती. हंगामात एकमेकांशी कडाकडा भांडलेली ही माणसं. ते आले, घर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, ये घर है की भूलभुलैया?" बाई म्हणाल्या, "तुमी भिंती पाहू नोका. दोरी पाहा."

दोरीचं मी कधी विसरणार नाही. भिंतीतल्या तोंडाला लावायची ही लवचिक सोंड चोवीस फुटांची असणार होती. बाईंनी तेवढीच नायलॉनची दोरी घेतली. भिंतीत जिथं पाईपाचं तोंड काढायचं, तिथं खिळा ठोकून तिचं एक टोक बांधलं आणि दुसरं टोक हातात धरून घरभर फिरल्या. खाटेखाली, कपाटामागे, देवघराच्या कोनाड्यात. दोरी जिथं पोचेना तिथं खडूची खूण. मग खिळा उपटून दुसरीकडे. "खुंट्याले बांधली गाय जेवढं चरते तेवढंच हे चरनार," असं त्यांचं गणित. तीन दिवस हे चाललं. मध्येच धाप लागून पायरीवर बसायच्या, फुंकणी फुंकायच्या, काटा रेघेखाली पाहून नाक मुरडायच्या आणि पुन्हा दोरी उचलायच्या. करीमभाईंनी पाच तोंडं लागतील म्हणून सांगितलं होतं. बाईंनी तिनात बसवलं, प्रत्येकाला एकेक झाकण. पाच खोल्यांचा एकही कोपरा उपाशी राहिला नाही.

एका डाळ मिलमधून निघालेला लहान ब्लोअर करीमभाईंनी मिळवला. न्हाणीघराच्या मागे, घराबाहेर, टिनाचं छप्पर घालून तो बसवला. त्याच्या आधी एक पिंप ठेवलं. कचरा त्यात गोल फिरून तळाला बसायचा आणि नुसती हवा पुढे गच्चीवरच्या धुराड्यातून बाहेर पडायची. पाईप माझ्या दुकानातले. इथं माझी अक्कल आडवी आली. स्वयंपाकघरामागे तुळई मध्ये येत होती. मी म्हणालो, तिथं काटकोनाचा एल्बो टाका, काम सोपं होईल.

"हवा को कोना नहीं जमता," करीमभाई म्हणाले.

"अहो, पाणी जातं मग हवा का नाही जाणार? तीस वर्षं पाईप विकतोय मी."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या दिवशी त्यांची धाप जास्त होती, म्हणून असेल, पण त्या ऐकून गेल्या. शेवंताबाईंनी माझं ऐकलं असा तो एकमेव प्रसंग.

जिनिंगमध्ये हंगामाच्या आरंभी मशीनची पूजा होते आणि पहिला कापूस मुहूर्ताचा म्हणून सोडतात. बाईंनीही नारळ फोडला, पिंपाला कुंकू लावलं. मग कापसाचे तीन पुंजके घेतले. एक हळदीत घोळवला, एक कुंकवात, एक पांढरा ठेवला. प्रत्येक तोंडातून एक सोडायचा, म्हणजे कोणत्या वाटेनं आला ते कळावं. ब्लोअर सुरू झाला. बाईंनी पुढच्या खोलीतून हळदीचा सोडला, मधल्या खोलीतून पांढरा, स्वयंपाकघरातून कुंकवाचा. मशीन थांबवून करीमभाईंनी पिंप उघडलं. आत पिवळा आणि पांढरा असे दोनच पुंजके होते.

"कुकवाचा कुठं हाय?" बाईंनी विचारलं.

बाई स्वयंपाकघरामागे गेल्या आणि माझ्या एल्बोवर बोटानं टकटक केलं. करीमभाईंनी करवत चालवली. एल्बोच्या वळणात लाल पुंजका अडकून बसला होता आणि दोन मिनिटांत त्याच्यामागे पसाभर कचराही साचला होता.

"पान्याच्या गोष्टी मले नोका सांगू भाऊ," बाई गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमी पाईप इकले. मी पाईपाखाली जिंदगी काढली."

तोंडात मारल्यासारखं झालं. तुळईला वळसा घालून लांब वळणाचा तिरपा पाईप टाकला, तेव्हा कुंकवाचा पुंजका पिंपात येऊन पडला. तो त्यांनी झटकून देवाजवळ ठेवला. पुन्हा सल्ला द्यायचा नाही असा मी कानाला खडा लावला.

पण चुकल्या नाहीत तर त्या शेवंताबाई कसल्या? त्यांनी धुराड्याचं तोंड पूर्वेला ठेवलं. का? तर जिनिंगमध्ये पूर्वेलाच असायचं. वारा पश्चिमेचा, म्हणजे तूस परत आत येत नाही. जिनिंगच्या पूर्वेला उघडं रान होतं. बाईंच्या घराच्या पूर्वेला, रस्ता ओलांडून, आमची गच्ची होती. आणि दिवस चैत्राचे. माझ्या बायकोनं, सुलभानं, तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, शिजवून पहाटे गच्चीवर चार धोतरं भरून कुरडया घातल्या होत्या. दहा वाजता बाईंनी मशीन लावलं. अकराला सुलभा गच्चीवर गेली आणि तिनं जी हाक मारली ती जिनिंगच्या भोंग्याच्या तोडीची होती. पिंपात न बसलेली सगळी बारीक माती कुरडयांवर जाऊन बसली होती.

गल्ली जमली. बाई दारात आल्या, वर पाहिलं, धुराड्याकडे पाहिलं, वाऱ्याकडे पाहिलं. माफी हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. "पाहातो," म्हणाल्या आणि आत गेल्या. सुलभा चार दिवस धुसफुसत होती. पाचव्या दिवशी पहाटे दार वाजलं. बाई उभ्या होत्या, नाकातोंडाला फडकं बांधलेलं, डोक्यावर चिकाचं गरम पातेलं. जिना चढताना तीनदा थांबल्या, पण पातेलं कोणाला घेऊ दिलं नाही. ऊन वर येईस्तोवर त्यांनी चारही धोतरं भरून कुरडया पाडल्या आणि वर सुलभालाच ऐकवलं, "तुहा चीक पान्यावानी पातय होता व माय. म्हनून चिकटली माती." सुलभा हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं सोऱ्या धरून बसली.

त्याच दिवशी त्यांनी आपलं जुनं निळं सुती पातळ शिवून त्याची लांब पिशवी केली आणि ती धुराड्याच्या तोंडाला बांधली. हवा गाळून जायची, माती पिशवीत राहायची. मशीन लावलं की गच्चीवर ते निळं पातळ टम्म फुगून उभं राही आणि बंद केलं की खाली पडे. सकाळी आठला, त्यांच्या जिनिंगमधल्या पाळीच्या वेळेला, ते फुगायचं. आम्ही घड्याळ त्यावर लावू लागलो.

काटा हळूहळू चढत होता. बाई रोज फुंकून झालं की दारातून मला ओरडून सांगायच्या, "खाली हाय," "खाली हाय," आणि एप्रिलच्या अखेरीस एक दिवस, "टेकला!"

मे महिन्यात विजय आला. गाडी घेऊन, आणि डिकीत आईसाठी रिकामी बॅग. पोरगा वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. आईची छाती वाजताना ऐकून त्याची झोप उडत असे. फक्त तो पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. त्या दुपारी, तो येऊन तासभर झाला नसेल, तोच पश्चिमेकडून वावधन आलं. अशी धुळीची वावटळ आमच्याकडे दर उन्हाळ्यात येते, पण ही जबर होती. पत्रे वाजले, आभाळ पिवळं झालं, आणि लाईन गेली. बाईंनी दारं लावली तरी फटींतून माती आत आली. मी दुकान ओढून त्यांच्याकडे धावलो. फरशीवर बोट फिरवलं तर रेघ उठत होती. बाई ओलं फडकं तोंडावर धरून खाटेवर बसल्या होत्या आणि खोकत होत्या.

"बघ," विजय म्हणाला. "लाईट नाही तर तुझं मशीन म्हणजे नुसते पाईप. चल आई. आत्ता चल."

"लाईन येऊ दे," बाई म्हणाल्या.

तीन तास त्या तशाच बसल्या. संध्याकाळी लाईन आली. बाई उठल्या, सोंड भिंतीला लावली आणि पुढच्या खोलीपासून सुरुवात केली. एक खोली झाली. दुसरी झाली. तिसऱ्या खोलीत त्या भिंतीला टेकल्या, आणि ओठ काळसर दिसू लागले. विजय पुढे झाला, तर त्याला हातानं थांबवलं. पुन्हा सोंड उचलली. ती हातातून पडली.

"दे मले," विजय म्हणाला. पुण्यात इतकी वर्षं सांभाळलेली त्याची भाषा एका क्षणात गळून पडली. "दे इकडे. तू बस. मी करतो."

बाई बसल्या आणि बसल्या जागेवरून ओरडू लागल्या. "पुढच्या खोलीचं झाकन लाव आधी! दोन तोंडं उघडी ठेवली तं ओढ जाते. खाटेखाली! तिथं काहून नाई गेला? दोरी पोचली होती तिथं!" इंजिनियर झालेला पोरगा गुडघ्यावर बसून खाटेखाली सोंड फिरवत होता. घर स्वच्छ झालं. मग बाईंनी फुंकणी घेतली. काटा रेघेच्या खाली राहिला. तिघांनीही पाहिलं.

"आज वावधन होतं," मी म्हणालो.

"रेघ वावधन पाहून नाई मारली," बाई म्हणाल्या. "बोलली तं बोलली. सकाळी पुन्हा फुंकीन. खाली असन तं जाईन."

त्यांनी स्वतःच्या हातानं बॅग भरली. दोन पातळं, औषधं, कुंकवाचा पुंजका. मला त्यांचा राग आला. एवढं भांडून शेवटी शब्दाला कसलं जागायचं, असं मला वाटलं. मी असतो तर दहा सबबी सांगितल्या असत्या.

सकाळी आठच्या आधी मी तिथं होतो. बॅग दारात. करीमभाईही आले होते. डॉक्टरांनी तीन वेळा फुंकायला सांगितलं होतं, त्यातला सगळ्यात चांगला आकडा धरायचा. पहिला खाली. दुसरा खाली. बाईंनी पदर कमरेला खोचला, दोन्ही पाय फाकवून उभ्या राहिल्या आणि भिंतीतल्या त्या तोंडाकडे डोळे वटारून फुंकलं. काटा रेघेवर चढून तिळाएवढा पुढे गेला.

विजयनं नळी हातात घेऊन दोनदा पाहिली. मग बॅग उचलली, आत नेऊन रिकामी केली, आईची पातळं परत दांडीवर टाकली आणि रिकामी बॅग डिकीत ठेवली. जाताना तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, लाईन गेली की मला फोन करत जा." आठवड्याभरात त्यानं एक जनरेटर पाठवला. बाईंनी त्यालाही कुंकू लावलं.

त्यानंतर त्या घरात त्या आणखी तीन वर्षं राहिल्या. गेल्या पौषात गेल्या, त्याच खाटेवर, झोपेत. विजयनं फोन केला तेव्हा सांगितलं की सोंड खाटेखाली नीट गुंडाळून ठेवलेली होती आणि तिन्ही झाकणं लावलेली होती.

मी तेव्हा तिथं नव्हतो, त्याआधीच गल्ली सोडली होती. आता मी अमरावतीला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतो, सहाव्या मजल्यावर. इथं धूळ येत नाही. मुलानं एकदाच म्हटलं, बाबा आता दुकान पुरे, आईचे गुडघे बघा, आणि मी हो म्हणालो. मला कोणी रेघ मारून दिली नव्हती, कसली अट घातली नव्हती. मी फुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी सामानाचा ट्रक गल्लीत उभा होता. बाई दारात आल्या. माझ्या खांद्यावरून काहीतरी वेचलं, चिमटीत धरून पाहिलं आणि टाकलं.

"भाऊ, तुमी काहून चालले?"

मी गुडघ्यांचं सांगितलं, फ्लॅटचं सांगितलं, लिफ्टचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण माझ्याकडे पाहत नव्हत्या. ट्रकची चाकं आमच्या फाटकासमोरच्या फुफाट्यात रुतलेली होती, तिकडे पाहत होत्या.

"जा," म्हणाल्या. "लय धूळ करून राहिले तुमी."

ट्रक हलला. मागे एवढी माती उठली की त्यांचं दार दिसेना. वळणावर मी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. आठ केव्हाच वाजून गेले होते. तरी त्या फुफाट्याच्या वर, त्यांच्या गच्चीवर, निळं पातळ हळूहळू उठलं आणि टम्म फुगून उभं राहिलं.